पडीक रानातल्या वेड्या बाभळीपासून जळण आणि लोणारी कोळशाचा छोटा धंदा कसा सुरू करावा?

करमाळ्याकडे वडिलोपार्जित सहा एकर पडीक रान आहे, त्यात वेडी बाभूळ माजली आहे, ती तोडून जळण विकायचं आणि जमलं तर लाकडाचा, म्हणजे लोणारी, कोळसाही पाडायचा, तर भट्टी कशी लावायची, असा तुमचा प्रश्न. भट्टीचं नंतर सांगतो. या धंद्यात पैसा बुडतो तो बहुतेक वेळा भट्टीपर्यंत पोचायच्या आधीच.

सगळ्यात आधी सातबारा काढा. 'इतर हक्क' रकाना आणि भोगवटादार वर्ग 1 (पूर्ण मालकीची जमीन) की वर्ग 2 (सरकारी अटींवर दिलेली) हे बघा. स्वतःच्या रानाचा प्रश्न सहसा नसतो, पण धंदा वाढला की शेजारचं गायरान, तलावाकाठचं पाटबंधाऱ्याचं रान, ओढ्याची कड असा माल खुणावू लागतो. तो तुमचा नाही. विदर्भातले कोणी हे वाचत असतील तर त्यांनी 'झुडपी जंगल' अशी नोंद असलेल्या जमिनीला हातच लावू नये. सर्वोच्च न्यायालयाने 22 मे 2025 ला ती जमीन वनच धरली आहे. दुसरं, तुमच्या बांधावर चिंच, आंबा, जांभूळ, मोह, खैर, साग असेल तर तो या तोडीत येऊ देऊ नका. ही झाडं 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आहेत, स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगी लागते.

आता जी गोष्ट बहुतेकांना माहीत नसते ती. भारतीय वन अधिनियम, 1927 च्या कलम 2(4) मध्ये वनोपजाच्या (कायद्याने जंगलाचा माल मानलेल्या वस्तूंच्या) दोन याद्या आहेत. एका यादीतल्या वस्तू जंगलातून आणल्या तरच वनोपज ठरतात. दुसरीतल्या कुठूनही आलेल्या असोत, वनोपजच. कोळसा या दुसऱ्या यादीत आहे. म्हणजे बाभूळ तुमची, रान तुमचं, तरी पोत्यात कोळसा भरून टेम्पो रस्त्यावर काढला की तो वनोपज. म्हणून पहिली भट्टी लावायच्या आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात सातबारा जोडून लेखी अर्ज द्या, भट्टीची जागा गट नंबरासह लिहा आणि वाहतूक परवान्याचं (टीपीचं) लेखी उत्तर घ्या. वनरक्षकाचं 'चालतंय की' पुढच्या नाक्यावर चालत नाही. धुराच्या तक्रारी येतातच, म्हणून ग्रामपंचायतीची ना हरकतही फाइलला हवी.

माल किती निघेल याचा अंदाज डोळ्यांनी लावू नका. एक गुंठा म्हणजे साधारण 33 फूट बाय 33 फूट. दाट, मध्यम आणि विरळ अशा तीन ठिकाणी एकेक गुंठा आखून पूर्ण तोडा, वजन करा आणि त्या त्या प्रकारचं रान किती गुंठे आहे त्याने गुणा. एकराचे चाळीस गुंठे. व्यापारी 'एवढं एवढं टन निघेल' म्हणतो तेव्हा तुमच्याकडे स्वतःचा आकडा असतो.

तोड दिवाळीनंतर सुरू करा. वेड्या बाभळीचा काटा बुटाच्या तळातून आरपार जातो आणि पायात मोडला की पाय सुजतो. ट्रॅक्टरचा टायर पंक्चर होणं तर रोजचंच. तोडणाऱ्याच्या डाव्या हातात बेचक्याची लांब काठी हवी. तिने फांदी दाबून धरायची आणि उजव्या हाताने कोयता चालवायचा. आधी बारीक काटेरी फांद्या उतरवून बाजूला ओढायच्या, मग बुंध्याला कुऱ्हाड किंवा चेनसॉ. पुन्हा फुटवा हवा असेल तर जमिनीपासून वीतभर वर तोडा. दर बुंध्याला तीन-चार जोमदार फोक ठेवून बाकीचे काढले तर तीन-चार वर्षांत पुन्हा माल मिळतो. शेत मोकळं करायचं असेल तर मात्र जमिनीखालचा मुळाचा गड्डा खणूनच काढावा लागतो. वरवर तोडलेली वेडी बाभूळ दुप्पट होऊन येते.

मालाची वाटणी तोडतानाच करा. चार इंचांहून जाड लाकूड जळणात जास्त पैसे देतं. आचाऱ्यांना अडीच-तीन फुटांचे फोडलेले ढलपे लागतात, ढाब्याच्या चुलीला दीड फूट, स्मशानाला चार-पाच फुटांचे जाड ओंडके. दीड ते चार इंचांचं लाकूड जळणात हलक्या भावात जातं, पण कोळशाला तेच उत्तम. त्याहून बारीक काटेरी माल कुंपणाला आणि भट्टी पेटवायला. सगळाच माल कोळशात घालणारे इथेच मार खातात.

आता पाण्याचा हिशेब. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या जवळजवळ निम्मं पाणी असतं. 45 टक्के धरा. दहा टन ओलं लाकूड घेतलंत, वाळवून 20 टक्क्यांवर आणलंत तर हातात सातच टन राहतं, पावणेसात म्हणा. तीन टन पाणी उडालं. त्यामुळे दुसऱ्याचं रान तोडायला घ्याल तेव्हा टनावर सौदा करू नका, उक्ता करा, म्हणजे सगळ्या मालाची एकच रक्कम ठरवा. टनावरच करावा लागला तर सुक्या वजनावर. वाळवण साधी आहे. खाली दोन आडवी लाकडं टाकून जमिनीपासून उचललेली, वाऱ्याला आडवी न येणारी थप्पी. तुमच्याकडच्या उन्हात मनगटाएवढं लाकूड सहा ते आठ आठवड्यांत तयार होतं, जाड ओंडके फोडल्याशिवाय वाळत नाहीत. तोंडाला चिरा पडल्या, साल सुटू लागली आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणखणीत आवाज आला, तर झालं. बद्द आवाज म्हणजे अजून थांबा.

हाच हिशेब कोळशात आणखी टोचतो. सुकं लाकूड आणि सांभाळलेली भट्टी असेल तर पाच-साडेपाच किलो लाकडाला एक किलो कोळसा पडतो. ओलं लाकूड किंवा गळकी, हवा शिरणारी भट्टी असेल तर आठ किलोला एक. समजा लाकूड जागेवर तीन रुपये किलोने पडलं. पहिल्या भट्टीत किलोभर कोळशात 15 रुपयांचं लाकूड गेलं, दुसरीत 24 रुपयांचं. मजुरी, पोती, भाडं दोन्हींना सारखंच. कोळशातला नफा या नऊ रुपयांत असतो, बाजारभावात नाही.

ही भट्टी म्हणजे लाकडाचा रचलेला ढीग आणि त्यावर मातीचा लेप. तिच्यासाठी जागा सपाट, टणक, जवळ पाणी असलेली, गंजी आणि उसापासून लांब. लेपाची माती बघून घ्या. तुमच्याकडची काळी माती तापली की भेगाळते, प्रत्येक भेग म्हणजे हवेला वाट. मुरमाड किंवा तांबडी माती आणा. एकदा भाजलेली माती सगळ्यात चांगली, ती फेकू नका, पुढच्या भट्टीला राखा. पहिली भट्टी चार मीटर व्यासाची, मधोमध दीड-पावणेदोन मीटर उंच, एवढीच लावा. त्यात साधारण साडेचार टन सुकं लाकूड बसतं आणि नीट उतरली तर 800 ते 900 किलो कोळसा मिळतो.

आधी जमिनीवर विटेएवढ्या जाडीच्या लाकडांची बैठक अंथरा, मध्ये वीतभर अंतर ठेवून, म्हणजे खालून हवा फिरते. मधोमध एक खांब उभा करा. त्याला टेकून लाकडं उभी रचत जा, जाड आत, बारीक बाहेर. फटी बारीक काटक्यांनी भरा. इथे आळस केला तर भट्टी बसताना भगदाड पडतं. मग उसाचं पाचट किंवा गवत वीतभर जाड, त्यावर चार-पाच इंच माती. पाचट नसेल तर माती आत झिरपते आणि कोळशात खडे येतात. बुडाशी गोलाकार आठ-दहा मुठीएवढी भोकं ठेवा. खांब उपसून त्या पोकळीत चिपाट्या आणि निखारे टाकायचे, तास-दोन तासांत आग धरली की वरचं तोंड बंद.

यापुढे धूर वाचायचा. पहिला दीड-दोन दिवस दाट पांढरा धूर, ती वाफ. मग पिवळसर, डोळ्यांना झोंबणारा, तो लाकडातला रस आणि डांबर. भोकातून निळसर पातळ धूर येऊ लागला की त्या बाजूचं लाकूड पिकलं. ते भोक लगेच बुजवा. उशीर केला तर पुढे जळतोय तो तुमचा कोळसा. भट्टी वरून खाली आणि आतून बाहेर पिकत जाते, म्हणून भोकं एकाच वेळी नाही, एकेक बंद होतात. वाऱ्याच्या बाजूची आधी आवळा, तिकडेच राख जास्त होते. तीन ते पाच दिवस रात्रंदिवस पाळीने माणूस हवा. ढीग खचतो, खचला की तडा जातो, तडा दिसला की ओलं पाचट आणि माती थापायची. या वेळी भट्टीवर चढायचं नाही. वरची कवची पोकळ असते, पाय आत गेला तर माणूस कमरेपर्यंत निखाऱ्यात जातो. माती टाकायला लांब दांड्याचं फावडं ठेवा. वारा धूर नेतो त्या बाजूला झोपू नका. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नसतो.

सगळी भोकं बंद केल्यावर दोन-तीन दिवस निवू द्या. उघडायची ती पहाटे अंधारात, कारण अंधारात उरलेला निखारा लाल दिसतो, उन्हात दिसत नाही. एका बाजूने दंताळ्याने ओढा, शेजारी पाण्याचं पिंप आणि सैल माती. निखाऱ्यापुरतंच पाणी, कोळसा भिजवायचा नाही. वजन वाढवायला पाणी मारणारे आहेत, पण असा कोळसा तंदुरात चटचट उडतो आणि ते गिऱ्हाईक परत येत नाही. काढलेला कोळसा पातळ पसरून किमान एक अख्खा दिवस उघड्यावर ठेवा. ताजा कोळसा हवेतला ऑक्सिजन ओढून स्वतःच तापतो. घाईने पोती भरून गाडीत रचली तर गाडी वाटेत पेटते.

चांगला कोळसा मोडला की आत काळी चकाकी दिसते, आपटला तर काचेसारखा वाजतो. तपकिरी, जड, जळताना धूर देणारा तो कच्चा. तो विकू नका, पुढच्या भट्टीत मध्यभागी घाला. एक इंची जाळीवर चाळा. खालचा चुरा शेकडा दहा-पंधरा निघतोच, तो कोळशाच्या कांड्या किंवा अगरबत्ती करणाऱ्यांना जातो, म्हणून वेगळा आणि मातीविना ठेवा.

गिऱ्हाईक तालुक्याच्या गावात शोधा: इस्त्रीवाले, ढाबे, तंदूर हॉटेलं, लोहार, मंडप-केटरिंगवाले. मुंबईच्या बेकऱ्यांवर हिशेब बांधू नका. उच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये तिथल्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर न्यायला सांगितलं, तंदूरवाल्यांनाही नोटिसा गेल्या. ते बाजार आटत जाणार. स्मशानाचं काम बारमाही आणि पावसाळ्यात सुक्या लाकडाला भाव चांगला, पण नगरपालिकेचं बिल महिनोनमहिने अडकतं, तेवढं भांडवल असेल तरच घ्या.

मजुरांबद्दल स्पष्ट सांगतो. या धंद्यात कातकरी कुटुंबांना पावसाळ्यात उचल द्यायची आणि मग हंगामभर ती फिटतच नाही असं दाखवायचं, ही जुनी रीत आहे. 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याखाली तो गुन्हा आहे आणि यात भट्टीमालकांवर खटले होतात. मजुरी आठवड्याला, वहीवर, वजन मजुराच्या समोर. काट्यावर वैधमापनची चालू वर्षाची मोहोर हवी, ती मजुरासाठीही आणि गिऱ्हाइकासाठीही.

पहिल्या वर्षी मुख्यतः जळणच विका, कोळशाच्या दोनच भट्ट्या लावून बघा, आणि प्रत्येकीत गेलेलं लाकूड आणि निघालेला कोळसा दोन्ही काट्यावर घाला. मेच्या मध्यावर भट्टी बंद. वळवाची एक सर लेप धुऊन नेते, आणि धगधगत्या भट्टीवर ताडपत्री टाकता येत नाही.