मित्रच आहोत, मग कप्तान कशाला?

प्रश्न असा होता: आम्ही पाच मित्रमैत्रिणी आठवडाभर शिडाची बोट भाड्याने घेऊन बेटांमधून फिरणार आहोत. दोघांना शिडं हाताळता येतात. बोट किती फुटी घ्यावी आणि रोज किती अंतर ठेवावं? सगळे मित्रच आहोत, त्यामुळे कप्तान वगैरे कोणी नाही, सगळं मिळून ठरवू.

उत्तर:

बोट आणि अंतराचं सांगते, पण आधी तुमच्या शेवटच्या वाक्याबद्दल बोलू द्या. अगदी हेच वाक्य नऊ वर्षांपूर्वी आम्हीही म्हटलं होतं. त्यापायी एका मित्राच्या गळपट्टीचं हाड मोडलं, आणि दुसऱ्या एका मित्राशी माझा वाद आजही मिटलेला नाही.

आम्हीही पाच जण होतो. छत्तीस फुटी बोट, सहा दिवस. तिघांना शिडं येत होती: मला, ज्याचं हाड मोडलं त्याला, आणि ज्याच्या नावावर बोट होती त्याला. तिसऱ्याकडे प्रमाणपत्र होतं, पण समुद्रावरचे दिवस आम्हा दोघांच्या मानाने फार थोडे. बोटीचे निम्म्याहून जास्त पैसे मात्र त्याने भरले होते, आणि कागदावर कप्तान म्हणून त्याचंच नाव होतं. प्रत्यक्षात कोणीच कप्तान नव्हतं. कुठे थांबायचं, कधी निघायचं, किती शीड लावायचं, सगळं हात वर करून ठरायचं. पहिले चार दिवस वारा दहा-बारा नॉटच्या (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) वर गेला नाही, त्यामुळे ही पद्धत सगळ्यांना फार गोड वाटली. मलासुद्धा.

पाचव्या दिवशी एका छोट्या खाडीत नांगर टाकून होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी बोट परत द्यायची होती, आणि मूळ बंदर सव्वीस सागरी मैल लांब. वाटेत दोन उंच बेटांमधली खिंड पार करायची होती. हवामानाच्या अंदाजात ब्यूफोर्टच्या, म्हणजे वाऱ्याच्या जोराच्या मापाने सकाळी चार आणि दुपारनंतर सहा असं दिलं होतं. चार म्हणजे 11 ते 16 नॉट, सहा म्हणजे 22 ते 27. हे आकडे सरासरी वाऱ्याचे असतात, झोत त्याहून बरेच जोरदार येतात. त्यात दुपारी जमीन तापली की खारा वारा सुरू होतो. तो मूळ वाऱ्याच्याच दिशेचा असला तर त्यात भर घालतो. मी आदल्या रात्रीच म्हटलं होतं, पहाटे पाचला निघू, नाहीतर इथेच थांबू आणि बोट एक दिवस उशिरा देऊ. जो दंड पडेल तो वाटून घेऊ.

सकाळी नाश्त्याच्या वेळी मतदान झालं. थांबण्याच्या बाजूने दोन, निघण्याच्या बाजूने तीन. जे दोघं हरलो, त्यांनाच त्या पाचांत वाऱ्याचं सगळ्यात जास्त कळत होतं. आणि या चर्चेत इतका वेळ गेला की नांगर वर यायला सव्वाअकरा वाजले. म्हणजे लवकर निघायचं नाही, थांबायचंही नाही, ऐन वाईट वेळेला खिंडीत पोचायचं, असं आम्ही पाच शहाण्या माणसांनी मिळून ठरवलं. एकट्या कोणी असं ठरवलंच नसतं.

वारा पाठीमागून होता आणि तिथेच फसगत झाली. खरा वारा 18 नॉट आणि बोट त्याच दिशेने 6 नॉटने पळत असेल तर अंगाला फक्त 12 नॉट लागतात. ऊन छान, बोट सरळ, कोणाच्या कपड्यांवर पाणी नाही. तीच बोट वाऱ्याच्या तोंडाकडे वळवली की अंगावरचा वारा 22च्या पुढे जातो. शिडावरचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे एका वळणात दाब तिपटीहून जास्त. म्हणून वारा पाठीवर घेऊन जाताना शीड कमी करायचं ते गरज वाटायच्या आधी. गरज वाटते तेव्हा उशीर झालेला असतो.

मी म्हटलं, रीफ घेऊ, म्हणजे शीड थोडं आवरून लहान करू. सुकाणूवर बोटवाला मित्र होता. तो म्हणाला, "वारा आहे कुठे? इतकी मस्त चालली आहे." बाकीच्या दोघांनी समुद्राकडे पाहिलं, त्यांनाही मस्तच वाटलं. मागे वळून पाहिलं असतं तर सगळीकडे पांढरे फेस दिसले असते. पुन्हा हात वर झाले. या वेळी मी हात वर केला नाही, पण विरोधही केला नाही. गप्प बसले. सकाळी एकदा हरल्यावर पुन्हा कटकट करणारी बाई व्हायचं नव्हतं मला. ही माझी चूक, आणि ती मी कोणाच्या माथी मारत नाही.

खिंडीच्या तोंडाशी वारा दोन्ही डोंगरांमध्ये दाबला जातो आणि टोकाला वळसा घालताना दिशाही बदलतो. सुकाणूवरचा मित्र नकाशाच्या पडद्यावर आखलेल्या मार्गाच्या रेषेवर बोट धरून होता, आणि ती रेष बरोबर वाऱ्याच्या दिशेने जात होती. वारा थेट मागून घेऊ नये, वीस-तीस अंश बाजूला ठेवावा आणि ठरवून शिडाची बाजू बदलावी, हे त्यालाही माहीत होतं. पण रेष सरळ होती. बूम, म्हणजे मेन (मुख्य) शिडाच्या खालचा आडवा दांडा, आपोआप फिरू नये म्हणून जो दोर पुढे बांधतात, तो प्रिव्हेंटरही आम्ही बांधला नव्हता. माझा दुसरा मित्र, जो थांबायच्या बाजूने होता, तो कोणाला न विचारता तो दोर हातात घेऊन उठला.

तो उठला त्याच क्षणी मागून एक लाट आली, बोटीची पिछाडी सरकली, आणि वारा शिडाच्या दुसऱ्या बाजूला शिरला.

आधी एकदम शांत होतं. शीड क्षणभर सैल पडतं, फडफडतही नाही. मग बूम आडवी गेली. आवाज लाकूड फुटल्यासारखा आला, पण मोडलं काहीच नव्हतं, तो नुसता अडकण्याचा दणका होता. बूम त्याच्या डोक्यावरून गेली. मेन शिडाचा दोर मात्र त्याच्या खांद्यात अडकला आणि त्याने त्याला उचलून पलीकडच्या विंचवर, म्हणजे दोर ओढायच्या धातूच्या चाकावर, आपटलं. त्याच्या हातात प्रिव्हेंटरचा दोर तसाच होता, नीट गुंडाळलेला.

पुढची दोन मिनिटं मला रोज आठवतात असं नाही, पण आठवली की झोप जाते. एकाने पुढच्या शिडाचा दोर सोडून दिला, तो बाजूने घसरत पाण्यात गेला. दुसरी जखमी मित्राकडे धावली आणि दोघंही बूमच्या वाटेत बसली. सुकाणूवरच्याने इंजिन चालू करून गिअर टाकला. मी "इंजिन नको, दोर पाण्यात आहे" म्हणून ओरडले तोवर इंजिन घरघरलं आणि बंद पडलं. दोर बोटीखालच्या इंजिनाच्या पंख्याला गुंडाळला गेला होता. पाच जणांतले तिघं तीन वेगळ्या गोष्टी करत होते. प्रत्येकाचा हेतू चांगला होता, प्रत्येक गोष्टीने संकट वाढत गेलं.

तेव्हा मी पहिल्यांदा म्हटलं, "आता फक्त मी सांगेन." कोणीही हात वर केला नाही. मी सुकाणू घेतलं, पुढचं शीड गुंडाळायला लावलं, मेन शिडाला दोन रीफ घेतले. पंख्यात अडकलेला दोर ताणला जाऊन पुढचं शीड नीट गुंडाळू देत नव्हता, तो कापावा लागला. चाकू सुकाणूच्या पायाशी बांधलेला होता. पहिल्या दिवशी जखमी मित्रानेच तो तिथे बांधला होता, आणि आम्ही त्याला म्हटलं होतं की एवढं कशाला.

बेटाच्या आडोशाला शिडावरच शिरलो आणि सहा मीटर पाण्यात नांगर टाकला. रेडिओवर सोळा नंबरच्या चॅनलवरून पॅन-पॅनचा, म्हणजे तातडीच्या मदतीचा, संदेशही मलाच द्यावा लागला, कारण बाकी कोणाला सेट कसा वापरायचा हे शिकवलंच नव्हतं. म्हणजे सुकाणूवरचं माणूस खाली जाऊन अक्षांश-रेखांश वाचत होतं. दीड तासाने मदतीची नाव आली. तोवर जखमी मित्राच्या खांद्याजवळ हाड कातडीखाली तंबूच्या खांबासारखं वर आलेलं दिसत होतं, आणि तो मला विचारत होता, नांगर धरला ना?

आता वादाचं. बोटवाला मित्र आजही भेटला की म्हणतो, "तो झोत होता, कोणाचाही चुकला नसता. आणि मतदान झालं होतं, तूही होतीस." मी त्याला दर वेळी सांगत आले आहे आणि इथेही लिहून ठेवते: झोत कोणाचाही चुकत नाही, पण कमी शीड, बांधलेली बूम आणि वीस अंशांचा फरक असता तर त्या झोताने टोप्या उडाल्या असत्या, हाड मोडलं नसतं. आणि मतदान झालं होतं हे उत्तरच नाही, तोच तर मुद्दा आहे. पाच जणांनी ठरवलं की जबाबदारी पाच ठिकाणी वाटली जाते, आणि एवढ्या छोट्या वाट्यासाठी कोणी भांडत नाही. मी भांडले नाही, ते त्यामुळेच.

पैसे कोणी भरले याचा तर काहीही संबंध नाही. समुद्रावरच्या जीविताच्या सुरक्षिततेचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे, 1974चा सोलास, त्याच्या पाचव्या प्रकरणात हे स्वच्छ लिहिलं आहे: सुरक्षिततेसाठी कप्तानाला जो निर्णय आवश्यक वाटतो, तो घेण्यापासून मालक, बोट भाड्याने घेणारा किंवा दुसरं कोणीही त्याला रोखू शकत नाही. माणसं बुडाल्यानंतर असे नियम होतात. या कराराची पहिली आवृत्ती 1914ची आहे, टायटॅनिक बुडाल्यानंतरची. आपल्या बोटीचे फूट कमी आहेत म्हणून पाणी वेगळं वागत नाही.

तेव्हा तुम्ही पैसे भरायच्या आधी एका माणसाचं नाव ठरवा. ज्याला जास्त येतं त्याचं, ज्याने जास्त पैसे दिले त्याचं नाही. ते नाव कागदावरही तेच असू द्या. कुठल्या खाडीत पोहायचं, रात्री स्वयंपाक कोणी करायचा, यावर खुशाल हात वर करा. निघायचं की थांबायचं आणि शीड किती, यावर नाही. फक्त एक सवलत ठेवा: शीड कमी करा असं बोटीवरचं कोणीही म्हणू शकतं, अगदी पहिल्यांदा आलेलंसुद्धा, आणि तसं म्हटलं की ते होतं, चर्चा नाही. शीड वाढवा असं मात्र कप्तानाखेरीज कोणी म्हणायचं नाही. आणि शेवटची रात्र मूळ बंदरापासून दोन तासांच्या आत काढा. आमचं सगळं रामायण परतीच्या तारखेने घडवलं, वाऱ्याने नंतर.

हेही सांगायला हवं की कप्तान म्हणजे आरडाओरडा करणारा माणूस नव्हे. तसल्या एकाबरोबरही मी गेले आहे. त्याला घाबरून लोक दिसलेली गोष्टसुद्धा सांगत नाहीत, आणि ते मतदानाहून वाईट. तुमचे दोघं खरोखरच तोडीस तोड असतील तर दिवसाआड कप्तान बदला, ते चांगलं चालतं. पण नांगर उचलल्यापासून टाकेपर्यंत एकच. आणि तुमच्या इथे वारा दिवसभर आठ नॉटच्या वर जात नसेल तर यातलं बरंचसं तुम्हाला जड वाटेल, तरी नाव ठरवाच.

तुमचा मूळ प्रश्न राहिला. पाच जणांना 36 ते 40 फूट पुरे. त्याहून मोठी बोट दोघांना वाऱ्यात धक्क्याला लावणं अवघड जातं, आणि पाचातले दोन जण पहिल्या दिवशी समुद्र लागून आडवे होणार हे धरूनच चाला. त्याची गोळी निघायच्या आधी घ्यायची असते, मळमळ सुरू झाल्यावर पोटात टिकत नाही. रोज पंधरा-वीस सागरी मैल, म्हणजे पाच नॉटने तीन-चार तास, आणि दुपारी दोनच्या आत नांगर. साखळी सोडताना नुसती खोली मोजू नका, नाळेची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, पाण्यापासूनची उंची आणि भरतीने चढणारं पाणीही धरा: पाच मीटर खोली, एक मीटर नाळ, एक मीटर भरती, म्हणजे सात, आणि त्याच्या पाचपट म्हणजे 35 मीटर साखळी. रेडिओ पाचही जणांना पहिल्याच दिवशी शिकवा. आणि सुकाणूच्या पायाशी एक धारदार चाकू बांधून ठेवा, हात पोचेल असा. कोणी म्हटलं एवढं कशाला, तरी.