सवलतीत खपलेला सिक्वेल यशस्वी मानायचा का?

आपण विचारले आहे की एखाद्या व्हिडिओ गेमचा पुढचा भाग बाजारात आल्यानंतर महिना-दोन महिन्यांतच निम्म्या किमतीला मिळू लागला, तर तो पडला असे समजावे का. पुढे काही वर्षांनी प्रकाशक त्याच गेमच्या लाखो प्रती खपल्याचे सांगतात, तेव्हा त्या आकड्याला किती महत्त्व द्यावे, हाही आपला प्रश्न आहे. उदाहरण म्हणून आपण २०१६ चा नेमबाजीचा गेम ‘टायटनफॉल २’ घेतला आहे. माझ्या मते किंमत उतरली एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. ती केव्हा उतरली आणि ती उतरवणे आधीच ठरलेले होते की नाइलाजाने करावे लागले, यावरून मात्र पुष्कळ काही कळते.

हापूसचे पाहा. हंगामाच्या सुरुवातीला वाशीच्या बाजारात येणाऱ्या पहिल्या पेट्यांना जो भाव मिळतो, तो मे महिन्याच्या अखेरीस मिळत नाही, आणि त्यावरून आंब्याचे पीक वाया गेले असे कोणी म्हणत नाही. तोच भाव मार्चमध्येच कोसळला, तर मात्र बागायतदाराच्या तोंडचे पाणी पळते. गेमच्या किमतीचाही असाच हंगाम असतो. प्रदर्शनाच्या दिवशी पूर्ण किंमत मोजणारे चाहते आधी येतात, मग थोडे थांबणारे, मग दिवाळी किंवा नाताळच्या सेलची वाट पाहणारे, आणि शेवटी ‘पाचशेच्या खाली आला तर घेऊ’ म्हणणारे माझ्यासारखे लोक. (मराठी पुस्तकांच्या व्यवहारात नेमके उलटे चालते: प्रकाशनपूर्व सवलतीत जो आधी पैसे भरतो त्यालाच पुस्तक स्वस्त मिळते. गेमच्या धंद्यात सर्वांत निष्ठावान ग्राहक सर्वांत जास्त पैसे मोजतो, आणि हे मला आजही थोडे विचित्र वाटते.)

आता हिशेब. साठ डॉलरांचा गेम स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात पूर्ण किमतीत विकला गेला आणि दुकानाने आपले ३० टक्के कापून घेतले, तर प्रकाशकाच्या हाती ४२ डॉलर येतात. तोच गेम ७५ टक्के सवलतीत गेला, तर १५ डॉलरांतून साडेदहा डॉलर उरतात. म्हणजे पूर्ण किमतीच्या दहा लाख प्रतींनी जेवढे पैसे येतात, तेवढे मिळवायला सवलतीतल्या चाळीस लाख प्रती खपाव्या लागतात. जाहिरातीत मात्र ‘चाळीस लाख’ हाच आकडा अधिक भरघोस दिसतो. डिजिटल प्रत तयार करायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही, त्यामुळे स्वस्तात गेलेली प्रत म्हणजे तोटा, असे नाही. खरा प्रश्न असा की ती प्रत घेणारा माणूस एरवी आलाच नसता, की महिनाभर आधी पूर्ण पैसे देऊन आला असता. पहिल्या प्रकारचा ग्राहक ही निव्वळ कमाई आहे, दुसऱ्या प्रकारचा ग्राहक हे नुकसान आहे, आणि खपाच्या आकड्यात हे दोघे एकसारखेच दिसतात.

सवलतीच्या बाजूने सर्वांत गाजलेला दाखला स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीचे प्रमुख गेब न्यूवेल यांनी २००९ च्या फेब्रुवारीत डाइस या गेम-उद्योगाच्या परिषदेत दिला होता. त्यांनी स्टीमवरील सुट्ट्यांच्या सेलचे आकडे सांगितले: १० टक्के सवलतीने उत्पन्न ३५ टक्क्यांनी वाढले, २५ टक्क्यांनी २४५ टक्के, ५० टक्क्यांनी ३२० टक्के आणि ७५ टक्क्यांनी १,४७० टक्के. ही वाढ प्रतींची नव्हती, पैशांची होती. ‘लेफ्ट ४ डेड’ निम्म्या किमतीत ठेवल्यावर तर त्याचे उत्पन्न ३,००० टक्क्यांनी वाढून प्रदर्शनाच्या वेळच्या कमाईच्याही पुढे गेले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये ‘लेफ्ट ४ डेड २’ आला, आणि स्वस्तात जमवलेला पहिल्या भागाचा मोठा खेळाडूवर्ग त्याच्यासाठी तयारच होता. मात्र हे आकडे अशा काळातले आहेत, जेव्हा ग्राहकांना थांबण्याची सवय लागलेली नव्हती. आज प्रत्येकाला ठाऊक असते की सेल येणारच आहे.

‘टायटनफॉल २’ च्या बाबतीत प्रदर्शनाची वेळच आड आली. २०१४ चा पहिला भाग केवळ पीसी आणि एक्सबॉक्सपुरता होता आणि त्यात स्वतंत्र कथा-मोहीम नव्हती. दुसऱ्या भागात कथा आली, प्लेस्टेशन ४ आले, पुढचे नकाशे फुकट देण्याचे वचन आले. त्यामुळे तो पहिल्यापेक्षा अधिक खपेल ही अपेक्षा अवाजवी नव्हती. परंतु प्रकाशक इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने तो २८ ऑक्टोबर २०१६ रोजी बाजारात आणला. त्याच प्रकाशकाचा ‘बॅटलफील्ड १’ एकच आठवडा आधी, २१ ऑक्टोबरला आला होता, आणि ‘कॉल ऑफ ड्यूटी’ मालिकेचा त्या वर्षीचा भाग एक आठवड्याने, ४ नोव्हेंबरला येणार होता. तीन नेमबाजीचे खेळ पंधरा दिवसांत आले, तर ग्राहक फार तर एक-दोन घेणार. नोव्हेंबरअखेरच्या ब्लॅक फ्रायडेला, म्हणजे महिनाही पुरा व्हायच्या आत, त्याच्यावर मोठी सूट लागली. जानेवारी २०१७ मध्ये तिमाही निकाल सांगताना कंपनीने विक्री अपेक्षेपेक्षा कमी झाल्याचे मान्य केले.

ही सूट ठरवून दिलेली नव्हती, असे मी तिच्या वेळेवरून म्हणतो. दुकानात खोके पडून राहू लागले आणि किंमत उतरवली, की मोठ्या दुकानदारांच्या नुकसानीचा फरक बहुधा प्रकाशकाला भरून द्यावा लागतो. मोठ्या प्रकाशकांच्या वार्षिक अहवालांत यासाठी आणि परत येणाऱ्या मालासाठी उत्पन्नातून रक्कम बाजूला काढलेली दिसते. त्यामुळे पहिल्याच महिन्यातली सूट दुहेरी महाग पडते: नवी प्रत स्वस्तात जाते आणि आधी पाठवलेल्या प्रतीचे पैसेही काही प्रमाणात परत जातात. शिवाय ‘दुकानांना पाठवलेल्या’ प्रती आणि ‘ग्राहकांनी घेतलेल्या’ प्रती यांतला फरक जाहिरातीत फारसा कोणी स्पष्ट करत नाही.

पुढच्या भागाच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, जी पहिल्या भागाला नसते: त्याची तुलना आधीच्या भागाशी होते, आणि ती बहुतेक वेळा अन्यायकारक असते, कारण आधीच्या भागाच्या आकड्यात कित्येक वर्षांच्या सेलचा खप साठलेला असतो. २०१३ मध्ये नव्याने सुरू केलेली टूम रेडर मालिका घ्या. २०१३ चा ‘टूम रेडर’ चार आठवड्यांत ३४ लाख खपला आणि तरीही त्याच्या प्रकाशकाने, स्क्वेअर एनिक्सने, तो अपेक्षेपेक्षा कमी पडल्याचे जाहीर केले. २०२१ पर्यंत त्याच गेमच्या सुमारे १ कोटी ४५ लाख प्रती खपल्या होत्या, तर तिसऱ्या भागाच्या, म्हणजे २०१८ च्या ‘शॅडो ऑफ द टूम रेडर’ च्या, सुमारे ८९ लाख. यावरून मालिका उतरणीला लागली असे म्हणणे सोपे आहे, पण एकाला आठ वर्षांचे सेल मिळाले होते आणि दुसऱ्याला तीन वर्षांचे. तुलना करायचीच असेल तर दोघांचे पहिले सहा महिने घ्यावेत, किंवा दोघांची तीन-तीन वर्षे.

याच ‘शॅडो’ ने सवलतीची दुसरी बाजूही दाखवली. सप्टेंबर २०१८ च्या मध्यास आलेला हा गेम ऑक्टोबरच्या मध्यास स्टीमवर सुमारे एक-तृतीयांशाने स्वस्त झाला, आणि पूर्ण पैसे मोजलेल्या ग्राहकांनी संतापून त्याच्याखाली प्रतिकूल अभिप्राय लिहिले. गेम वाईट आहे अशी त्यांची तक्रार नव्हती. आपण घाई करून फसलो, ही होती. असा ग्राहक पुढच्या भागाच्या वेळी पहिल्या दिवशी येत नाही. म्हणून घाईची सूट या भागाच्या हिशेबात जेवढी दिसते, त्याहून अधिक ती पुढच्या भागाच्या हिशेबात दिसते. संपूर्ण तीन भागांच्या मिळून सुमारे ३ कोटी ८० लाख प्रती खपल्यानंतरही स्क्वेअर एनिक्सने मे २०२२ मध्ये या मालिकेचा हक्क, आणखी काही मालिका व तीन स्टुडिओंसह, एम्ब्रेसर ग्रुपला ३० कोटी डॉलरांना विकण्याचे जाहीर केले. प्रतींचा आकडा आणि मालकाच्या लेखी असलेली किंमत यांत किती अंतर असू शकते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला आठवत नाही.

उलट कॅपकॉम या जपानी प्रकाशकाने सवलतीलाच आपली व्यवस्था केले आहे. जानेवारी २०१७ च्या ‘रेझिडेंट ईव्हिल ७’ कडून कंपनीने मार्चअखेर ४० लाखांची अपेक्षा धरली होती आणि ३५ लाख प्रती गेल्या. त्या दिवशी हिशेब बंद केला असता तर तो अपेक्षाभंगच ठरला असता. परंतु कंपनी जुन्या गेमची किंमत पायरीपायरीने उतरवत वर्षानुवर्षे विकत राहते, आणि २०२१ मध्ये त्याचा खप एक कोटीवर गेला. दर वर्षी कंपनीच्या एकूण प्रतींत नव्या गेमपेक्षा जुन्यांचाच वाटा मोठा असतो. याचे टोक २०२५ मध्ये दिसले. फेब्रुवारीअखेर आलेला ‘मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स’ महिन्याभरात एक कोटीवर गेला, पण एप्रिल ते जून या तिमाहीत त्याच्या फक्त ४ लाख ७७ हजार प्रती खपल्या. त्याच तिमाहीत सहा वर्षे जुना ‘डेव्हिल मे क्राय ५’, भरघोस सवलत आणि नेटफ्लिक्सवरील नव्या मालिकेच्या आधाराने, सुमारे १७ लाख खपला. म्हणून ‘वाइल्ड्स’ अपयशी आणि ‘डेव्हिल मे क्राय ५’ यशस्वी असे कोणी म्हणणार नाही. पूर्ण किमतीच्या एक कोटी प्रती हा फार मोठा पैसा आहे.

खर्चाचा मुद्दा इथे टाळता येत नाही. २०२३ च्या डिसेंबरमध्ये इन्सोम्नियाक स्टुडिओची चोरलेली कागदपत्रे बाहेर आली, तेव्हा ‘स्पायडर-मॅन २’ चा खर्च सुमारे ३० कोटी डॉलर असल्याचे आणि तो भरून निघायला ७२ लाख प्रती पूर्ण किमतीत विकाव्या लागतील असे वृत्त आले. ‘पूर्ण किमतीत’ हे दोन शब्द महत्त्वाचे. एवढा खर्च असलेला सिक्वेल लवकर स्वस्त झाला, तर ७२ लाखांचे दीड-दोन कोटी व्हायला वेळ लागत नाही. ‘डेज गॉन’ चे लेखक जॉन गार्विन यांनी २०२१ मध्ये, गेम आवडत असेल तर पूर्ण किमतीत घ्या, असे खेळाडूंना रोखठोक सुनावले होते, कारण त्या गेमचा दुसरा भाग मंजूर झाला नव्हता. सहानुभूती असूनही मला ते पटले नाही. ग्राहकाने स्टुडिओच्या ताळेबंदाची काळजी करावी, ही अपेक्षा उलट्या दिशेची आहे.

निन्टेन्डोचा मार्ग सर्वांना परवडणारा नाही, म्हणून त्याविषयी थोडक्यात: एप्रिल २०१७ चा ‘मारिओ कार्ट ८ डिलक्स’ सहा कोटींहून अधिक खपला, आणि त्याची किंमत जवळजवळ जिथल्या तिथे राहिली. थांबून काही मिळत नाही हे कळले की लोक थांबत नाहीत.

भारतातल्या आपल्यासारख्यांचा इथे थोडा संबंध येतो. स्टीमवर २०१५ पासून रुपयांत किमती लागतात आणि अनेक गेम इथे अमेरिकेपेक्षा स्वस्त असतात. त्यावर सेलची सूट लागली की प्रकाशकाला एका प्रतीमागे मिळणारे पैसे आणखी कमी होतात. जाहीर आकड्यात मात्र पुण्यात सेलमध्ये घेतलेली प्रत आणि न्यूयॉर्कमध्ये पहिल्या दिवशी घेतलेली प्रत, दोन्ही ‘एक’ च.

आता आपल्या उदाहरणाबद्दल माझे मत. ‘टायटनफॉल २’ व्यापारी अर्थाने अपयशी ठरला, आणि त्याचे कारण सवलत नव्हती. चुकीच्या आठवड्यात आणल्यामुळे सवलत द्यावी लागली. पुढे तो सेलमध्ये तीन डॉलरांच्या आसपास मिळू लागला, २०२० मध्ये स्टीमवर आला, आणि हजारो नव्या खेळाडूंनी त्याची वाखाणणी केली. त्या सवलतीने त्याला कीर्ती मिळवून दिली, पण तिसरा भाग मिळवून दिला नाही. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने २०१७ च्या अखेरीस ‘टायटनफॉल २’ बनवणारा रिस्पॉन हा स्टुडिओच विकत घेतला, आणि त्याच स्टुडिओने फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याच विश्वातला ‘एपेक्स लेजंड्स’ फुकट दिला, ज्याला आठवड्याभरात अडीच कोटी खेळाडू मिळाले. सेलमध्ये कवडीमोलाने ‘टायटनफॉल २’ घेऊन त्याची कथा दोन रात्रींत संपवणाऱ्यांत मीही होतो, आणि तिसऱ्या भागाची वाट पाहणाऱ्यांतही आहे.