वाचकांचे प्रश्न : रेवस ते रेडी, रस्ता एक की तुकडे?

प्रश्न : रेवस-रेडी सागरी महामार्ग नकाशावर सलग दिसतो, पण गाडीने खरंच सगळा किनारा धरून जाता येतो का? आणि हा रस्ता नेमका कुणाच्या डोक्यातून आला?
– एक वाचक, सातारा

उत्तर : जाता येतं, पण मधे गाडी बोटीत चढवावी लागते, तीही एकदा नाही. हा प्रमुख राज्य महामार्ग ४, अलिबाग तालुक्यातल्या रेवस बंदरापासून पार गोव्याच्या हद्दीला टेकलेल्या रेडीपर्यंत. कल्पना बॅरिस्टर अंतुल्यांची, १९८० ते ८२ ते मुख्यमंत्री होते, आणि ते स्वतः सावित्रीकाठच्या आंबेतचे, म्हणजे खाडी आडवी आली की माणसाचं काय होतं हे त्यांना कुणी सांगायची गरजच नव्हती.

खरी अडचण खाड्यांचीच आहे. मुंबई-गोवा हायवे बघा, तो महाड, चिपळूण, संगमेश्वर, राजापूर असा आतून जातो कारण तिथे नद्या अरुंद आहेत, पूल बांधणं सोपं. त्याच नद्या समुद्राजवळ येईपर्यंत एवढ्या रुंद होतात की किनाऱ्याची गावं समोरासमोर असून परकी राहिली. पूर्वी बोटी होत्या, सगळा व्यवहार समुद्रातून चालायचा, त्या बंद पडल्या आणि रस्ता काही तेवढ्या वेगाने आला नाही.

आता रूट. अलिबाग, रेवदंडा, तिथे कुंडलिकेवर पूल आहे, मग साळाव, मुरुड, आगरदांडा. इथून फेरीने दिघी, पुढे दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. बागमांडल्याहून परत फेरी, वेश्वीला उतरायचं, केळशी, आंजर्ले, हर्णे करत दाभोळ. दाभोळ-धोपावे तिसरी फेरी, मग गुहागर, हेदवी, आणि तवसाळहून जयगडला चौथी. जयगडनंतर मात्र सुख आहे, गणपतीपुळे, रत्नागिरी, पावस, पूर्णगड, जैतापूर, देवगड, कुणकेश्वर, आचरा, मालवण, वेंगुर्ला, शिरोडा, सगळीकडे पूल आहेत.

फेरीला लोक जंगलजेट्टी म्हणतात. पुढची लोखंडी फळी धडाम करून उतारावर पडते, आधी बाइकवाले सुटतात, मग गाड्या, पोरं हात करून एकेक इंच मागे घ्यायला लावतात. दाभोळची फेरी पंधराएक मिनिटांची, ती चुकली तर चिपळूणवरून एवढा मोठा वळसा की अर्धा दिवस गेलाच समजा. म्हणून निघण्याआधी टायमिंग विचारून घ्या, विशेषतः पावसाळ्यात.

प्रश्न : मग पूल होणार कधी?

उत्तर : बाणकोट खाडीवरचं, म्हणजे बागमांडला-वेश्वी फेरी चालते तिथल्या पुलाचं काम सुरू होऊन मधेच अडकलं, अर्धवट खांब येता-जाता दिसतात आणि ते बघून दरवेळी राग येतो, कारण वेळास-बाणकोटच्या माणसाला हा पूल फिरायला नको आहे, दवाखान्याला, कॉलेजला, बाजाराला हवाय आणि रात्री फेरी बंद झाली की त्याचं गाव पुन्हा तुटतं. आता खाड्यांवरचे मोठे पूल एमएसआरडीसीने, म्हणजे राज्य रस्ते विकास महामंडळाने हाती घेतलेत, त्यात रेवस ते उरणजवळचं कारंजा हा पूल पण आहे. माझं स्पष्ट मत आहे की रस्ता चौपदरी नाही झाला तरी चालेल, आंब्याच्या बागा आणि गावठाणं कापून तर मुळीच नको, पण आधी हे पूल पुरे करा.