वादळात बांध फुटून खाडीकाठच्या खाजन शेतात खारं पाणी शिरलं, आता आधी काय करू?

आधी फोटो काढा, तलाठ्याला आणि कृषी कार्यालयाला लेखी कळवा. पण कागदांसाठी बांधाचं काम थांबवू नका. मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेलं, आणि पाऊस जेमतेम तीन आठवड्यांवर होता. तेवढ्यात भगदाड बुजवावंच लागतं.

अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी कमी चढतं. काम तेव्हा धरा. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण ताजा चिखल घेऊन जाईल. मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या झडपेची, लाकडी दारं हाताने हलवून बघा. भरतीला ती आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात. फटीत एक फांदी अडकली तरी रात्रभर खारं पाणी आत येतं.

मिठाची काळजी समजते मला, पण घाईने बियाणं टाकू नका. पहिल्या पावसाचं पाणी शेतात तुंबू द्या, ओहोटीला सोडा, पुन्हा तुंबवा. दोन-तीन वेळा असं केल्यावर मातीतलं बरंच मीठ धुऊन जातं. मग कोरगुट भातच लावा, तो खारेपणा सोसतो.

कांदळ, म्हणजे खारफुटी, मात्र तोडू नका. लाटेचा पहिला मार तोच खातो. थेट बांधावर रुजलेली रोपं तेवढी वन खात्याला विचारून हलवा, मुळांनी बांध फाटतो.