दिवसभर प्रयोगशाळा आणि संध्याकाळी गिटार: लोकसंगीत आणि जॅझ दोन्ही आयुष्यभर वाजवता येईल का?

तुमचा प्रश्न असा: संशोधनाचं पूर्णवेळ काम आहे, गिटारवर आयरिश वळणाचं लोकसंगीत बऱ्यापैकी जमतं, आता जॅझही लोकांसमोर वाजवायचंय, हे वर्षानुवर्षं टिकेल का?

टिकतं. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्राझीलमधल्या रिओत सांबा या तिथल्या नाचगाण्याच्या ताफ्यात फ्रिजिदेइरा हे तव्यासारखं वाद्य वाजवत होता. डेनी झाइटलिन मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करत करत अनेक दशकं जॅझ पियानो वाजवत आलाय. वेळ मिळत नाही म्हणून वाजवणं सुटतं असं सगळे म्हणतात, पण माझ्या मते खरी कारणं दोन: मंचावर झालेली फजिती आणि दुखरा अंगठा.

फजितीचं मूळ प्रयोगशाळेतल्या एका चांगल्या सवयीत आहे. चूक दिसली की थांबायचं, कारण शोधायचं, मगच पुढे जायचं. वाजवताना थांबलात की बाकीचे चार मात्रा पुढे निघून जातात आणि आवर्तनात आपण कुठे आहोत तेच कळेनासं होतं. म्हणून रोजच्या अर्ध्या तासाचे दोन तुकडे करा. २० मिनिटं दुरुस्ती: अडलेले दोन बार (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट), निम्म्या लयीत. उरलेली १० मिनिटं न थांबता. स्वर चुकला तर चुकू दे, मात्रा सोडायची नाही. हा दुसरा तुकडा सगळे टाळतात, आणि मंचावर उपयोगी पडतो तो हाच.

आवर्तनाच्या बाबतीत तुम्ही शून्यापासून सुरुवात करत नाही. आयरिश रीलचा, म्हणजे नाचाच्या वेगवान चालीचा, साचा बहुधा ८ बारांचे दोन भाग, प्रत्येक दोनदा, म्हणजे ३२ बार. जॅझमधला एक नेहमीचा साचाही ३२ बारांचाच, फक्त क्रम ए-ए-बी-ए (ए आणि बी हे ८-८ बारांचे भाग). गोंधळ होतो तो इथे: शेवटचा ए आणि पुढच्या आवर्तनाचे पहिले दोन ए मिळून तीन ए ओळीने येतात. दुसऱ्याचं एकट्याचं वादन (सोलो) चालू असताना मूळ चाल मनात गुणगुणत राहा. बार मोजण्यापेक्षा हे जास्त भरवशाचं.

हाताला मात्र नव्या सवयी लागतील. फिडलच्या (लोकसंगीतातल्या व्हायोलिनच्या) मोकळ्या, म्हणजे बोट न ठेवता वाजणाऱ्या, तारांमुळे लोकसंगीत डी, जी, ए या पट्ट्यांत रमतं. ट्रंपेट-सॅक्सोफोनमुळे जॅझ बी फ्लॅट, ई फ्लॅट, एफकडे झुकतं. तिथे मोकळ्या तारा अडचणीच्या ठरतात. तीन स्वरांच्या कॉर्डपासून (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटापासून) सुरुवात करा:

डी मायनर ७: पाचवी तार ५वा पडदा, चौथी ३रा, तिसरी ५वा.
जी ७: सहावी तार ३रा, चौथी ३रा, तिसरी ४था.
सी मेजर ७: पाचवी तार ३रा, चौथी २रा, तिसरी ४था.

चौथ्या आणि तिसऱ्या तारेकडे बघा: प्रत्येक बदलात एकच स्वर अर्ध्या सुराने खाली सरकतो, दुसरा जागीच राहतो. जॅझच्या साथीचं निम्मं गुपित एवढंच. जी ७ला मधली पाचवी तार वाजली तर सगळं गढूळ होतं. सहावी दाबणाऱ्या बोटाच्या टोकाने ती अलगद अडवायची. कॉर्डचा आवाज थांबवताना बोट उचलू नका, दाब फक्त सैल करा.

लयीसाठी मेट्रोनोम (ठरावीक वेगाने टिकटिकणारं यंत्र) निम्म्यावर लावा. मिनिटाला १२० मात्रांची लय हवी असेल तर ६०, आणि टिकटिक दुसऱ्या नि चौथ्या मात्रेवर धरा. पहिले काही दिवस ती आपोआप पहिल्या-तिसऱ्यावर सरकेल. सरकली की मोठ्याने मात्रा म्हणत परत पकडा. स्विंग म्हणजे जॅझची झुलती चाल, त्यात जोडीतला पहिला स्वर दुसऱ्यापेक्षा लांब असतो; त्याचं २:१ प्रमाण मध्यम लयीपुरतंच धरा. लय वाढली की जोडीतले स्वर जवळजवळ समान होतात. तिथेही २:१ ठेवलंत तर वाजवणं लंगडतं.

आता अंगठा. दिवसभर पिपेट (द्रव मोजून घेण्याची नळी) दाबणारा अंगठा आणि बोटांनी वाजवताना खर्जाच्या तारा छेडणारा अंगठा बहुतेकांचा एकच असतो, त्यामुळे मनगटाच्या त्याच स्नायुबंधांवर दुहेरी भार पडतो. पिपेटिंग जास्त झालेल्या दिवशी गिटार उचलू नका, चाली ऐकून तोंडाने म्हणा. जॅझची साथ प्लेक्ट्रमने (तार छेडायच्या छोट्या चपट्या तुकड्याने) करा, पकड सैल ठेवा. अंगठ्याच्या मुळाशी मनगटात दुखणं आठवडाभर राहिलं तर डॉक्टरांना दाखवा. दुखत असताना सराव रेटणं हा शुद्ध वेडेपणा.

कानांचा हिशेब तुम्हाला सहज पटेल. ८५ डेसिबलला दिवसाला ८ तास चालतात आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. लहान खोलीत ड्रमशेजारी बसलात तर हा आकडा फार लांब नसतो. फोमचे बोळे वरचे सूर जास्त कापतात, मग आपण न कळत जोरात वाजवायला लागतो. सगळे सूर सारखेच कमी करणारे, वादकांसाठीचे इअरप्लग घ्या, आणि तालमीपासूनच घाला म्हणजे मंचावर आवाज परका वाटणार नाही.