आठ दिवस जंगलात, फोन लागणार नाही

‘मॅडम, तिथं रेंजच नाही. काही झालं तर?’ कामासाठी आठवडाभर आडरानात मुक्कामाला जाणारी माणसं समुपदेशनासाठी माझ्याकडे आली की बहुतेकांचा पहिला प्रश्न हाच असतो. त्यातली एक केस सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

ती मेळघाटात वनरक्षक. नोकरी नवी, घरी चार वर्षांची मुलगी. दर चार वर्षांनी होणाऱ्या व्याघ्रगणनेसाठी तिला आतल्या संरक्षण कुटीवर, म्हणजे जंगलातल्या पहाऱ्याच्या चौकीवर, राहायचं होतं. तीन दिवस वाघ-बिबट्याच्या खुणा शोधत रोज किमान 5 किलोमीटर चालायचं, पुढचे तीन दिवस आखलेल्या 2 किलोमीटरच्या रेषेवर तृणभक्षी प्राणी मोजायचे. महिनाभर आधीपासूनच तिची झोप उडाली होती, छातीत धडधडायचं. हिमोग्लोबिन, थायरॉइड तपासून झालं होतं, दोन्ही ठीक. घरचे म्हणायचे, ‘अगं, एवढे लोक जातात, काही होत नाही.’

मी हे वाक्य कुणालाच म्हणत नाही. नोव्हेंबर 2021मध्ये ताडोबात याच कामावर असलेली एक महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात गेली. खात्यातल्या प्रत्येकीला ते ठाऊक आहे. भीतीला आधार असताना ती उडवून लावली, की माणूस बोलायचं थांबतं आणि आतल्या आत कुढत राहतं.

मी तिला एवढंच म्हटलं, ‘तिथला एक दिवस उठल्यापासून झोपेपर्यंत सांगा.’ पहाटेची पायपीट, नोंदी, स्वयंपाक तिनं भराभर सांगितलं. वाघाचा विषयही सहज आला. संध्याकाळपाशी मात्र ती अडखळली. कुटीवर बाकी सगळे पुरुष, संडास नाही आणि पाळी नेमकी त्याच आठवड्यात. दुपारी चारनंतर पाणीच प्यायचं नाही, असं तिनं ठरवून टाकलं होतं. पाळी लांबवायच्या गोळ्या शेजारणीनं दिल्या होत्या, त्या पर्समध्ये कागदात गुंडाळून ठेवलेल्या.

महिनाभराची झोप इथं अडकली होती.

गोळ्यांबद्दल तिला आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं, कारण त्या प्रत्येकच बाईला चालतात असं नाही. दिवसभर चालून पाणी तोडलं तर चक्कर येऊ शकते, लघवीचा संसर्गही होऊ शकतो, हेही स्पष्ट सांगितलं. उरलं ते वनपालांशी, म्हणजे तिच्या वरिष्ठांशी, बोलणं. ‘सरांना कसं सांगू?’ म्हणून ती रडली. मग आम्ही वाक्य लिहून काढलं: ‘सर, कुटीवर मला सोबत एक बाई लागेल आणि जवळच आडोसा बांधून हवा.’ एवढंच, कारण द्यायची गरज नाही. पहिल्यांदा तिनं ते फरशीकडे बघत म्हटलं. म्हणता म्हणता आवाज मोकळा झाला, मान वर आली.

आडोसा झाला, सोबतीला गावातली एक कोरकू मावशी मिळाली. अंधारात बाहेर पडताना टॉर्च पुढे धरायचा आणि बोलत, खोकत जायचं, हे मावशींनी शिकवलं. अस्वल दचकलं तर अंगावर येतं.

घरासाठी एक नियम केला. रोज संध्याकाळी वायरलेसवरून वनपरिक्षेत्राच्या ऑफिसला निरोप, तिथून नवऱ्याला फोन. निरोप नाही आला तर दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत थांबायचं, मग ऑफिसला विचारायचं. मुलगी झोपेत असताना निघून जायचं नाही, किती रात्री आई नसेल ते तिला बोटं मोजून सांगायचं. शिवाय जायच्या आधी जवळच्या कुटीवर मावशींसोबत एक रात्र काढायची. त्या रात्री धडधड झालीच. ठरल्याप्रमाणे तिनं मावशींना उठवून सांगितलं, श्वास सावकाश सोडत बसली, थोड्या वेळानं धडधड ओसरली.

गणनेच्या तिसऱ्या दिवशी वायरलेसची बॅटरी गेली. नवरा घड्याळ बघत बसला होता, दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास निरोप आला.

पुढच्या कामाला दोन महिला वनरक्षकांना एकत्र पाठवावं, असा अर्ज तिनं परतल्यावर केला. उत्तर आलेलं नाही. सध्या आम्ही स्मरणपत्राचा मजकूर लिहितोय.