रामटेकच्या टेकडीवर आकाशवाणीचा मनोरा का नाही?

प्रश्न : उन्हाळ्यात सिंहगड पाहिला. वर दूरदर्शनचा मनोरा आहे. आपल्याकडचा टीव्ही टॉवरही सेमिनरी हिल्सवरच. मग नागपूर आकाशवाणीचा मीडियम वेव्हचा मनोरा रामटेकच्या टेकडीवर का नेला नाही? आणि काटोलजवळ माझ्या सासरी एफएमच्या १००.६ वरची विविध भारती खरखरते, पण मीडियम वेव्हवरचे ५८५ स्वच्छ लागते, ते कसे?
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नातच पहिल्याचे उत्तर आहे. एफएम आणि टीव्हीच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. क्षितिज आडवे आले की संपले. मनोऱ्याची मीटरमधली उंची घ्या, तिचे वर्गमूळ काढा आणि ४.१ ने गुणा, म्हणजे साधारण पल्ला किलोमीटरमध्ये मिळतो. १०० मीटरला ४१ किलोमीटर. सिंहगड पुण्याहून सुमारे ७५० मीटर उंच, म्हणजे शंभरावर किलोमीटर. म्हणून तिथे गड हवाच.

५८५ किलोहर्ट्झची लहर तब्बल ५१३ मीटर लांब. ती जमिनीला धरून चालते, चढउतार ओलांडते. तिला उंची नको, ओल धरणारी माती हवी. आपली काळी माती तिच्यासाठी उत्तम, टेकडीवरचा खडक नाही. इथे अख्खा मनोराच अँटेना असतो आणि त्याच्याभोवती चहूबाजूंनी तांब्याच्या तारा जमिनीत पुरलेल्या असतात. माझी नोकरी ट्रान्समीटरवरच गेली. नवख्या माणसाला मी आधी मनोऱ्याचा पाय दाखवायचो. एवढे लोखंड चिनी मातीच्या इन्सुलेटरवर उभे, ताणाच्या तारांतही जागोजागी इन्सुलेटर, आणि पायाशी दोन धातूचे गोळे, मध्ये थोडी फट. वीज पडली की ती या फटीतून उडी मारून जमिनीत जाते. प्रक्षेपण चालू असताना जमिनीवर उभे राहून मनोऱ्याला हात लावणे म्हणजे जिवाशी खेळ.

मीडियम वेव्हचे दिवस गेले, असे हल्ली सर्रास म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही. हा एक मनोरा जेवढा मुलूख सांभाळतो, तेवढ्यासाठी एफएमचे कितीतरी उभारावे लागतील, आणि दऱ्याखोऱ्यांतली गावे तरीही सुटतील.

सासरी ५८५ ऐकताना संचाची दांडी ओढू नका, तिचा तिथे उपयोग नाही. मीडियम वेव्हची अँटेना संचाच्या आत, फेराइटच्या कांडीवर गुंडाळलेली असते. संचच हळूहळू फिरवा, आवाज भरेल तिथे ठेवा. विविध भारतीसाठी मात्र दांडी पूर्ण ओढा आणि संच गच्चीवर न्या.